काटा मेला असेल तर आधी पुल-अप बघा

जिप्सीत बाहेरचा ईसीयू (इंजिन चालवणारा कंप्युटर) बसवल्यावर टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरचा, काटा हलत नसेल, तर मीटर बदलायची घाई करू नका. बहुतेक ईसीयूंचं टॅको आउटपुट सिग्नलला फक्त अर्थकडे ओढतं, 12 व्होल्ट स्वतः देत नाही. म्हणून सिग्नलची वायर आणि चावी लावल्यावर करंट येणारी लाइन यांच्यामध्ये 1 किलोओहमचा, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर जोडा; यालाच पुल-अप म्हणतात. यवतमाळच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे तो दोन-चार रुपयांत मिळतो. जोड डागून, वर स्लीव्ह चढवा. नुसती पिळलेली वायर खडकाळ पांदणीत सुटतेच. इग्निशन कॉइलच्या निगेटिव्हची वायर मात्र ईसीयूच्या टॅको पिनला कधीच लावू नका, तिथे शेकडो व्होल्टचे झटके येतात. काटा निम्मे आकडे दाखवत असेल तर पल्सची सेटिंग तपासा: चार सिलिंडरला एका फेऱ्यात दोन पल्स, म्हणजे 900 आरपीएमला 30 हर्ट्झ.

आयडलचं (गाडी उभी असताना इंजिन ज्या मंद वेगाने चालतं त्याचं) काम इंजिन 80 अंशांवर तापल्यावरच करा, आणि त्याआधी व्हॅक्यूमच्या नळ्यांची गळती बघा. मे महिन्यात आपल्याकडे रेडिएटरचा पंखा सतत सुरू होतो. तेव्हा व्होल्टेज पडतं, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर उशिरा उघडतो, गाडी धापा टाकते. ईसीयूत इंजेक्टरचं व्होल्टेज करेक्शन (या उशिराची भरपाई) नीट भरा, पंख्यासाठी आयडल-अप द्या, म्हणजे पंखा सुरू झाला की आयडल थोडं वाढेल असं करा.