कारखाना सुरू होण्याआधी जुन्या ट्रॅक्टरची पिन आणि ब्रेक बघून घ्या

खंडेनवमीला ट्रॅक्टर धुऊन आपण हार घालतोच. यंदा त्याच दिवशी ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणारी पिनही काढून हातात घ्या. ऊस ओढून ओढून पिनीला मधोमध खाच पडलेली असते, बोट फिरवलं की लागते. ड्रॉबारचं, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं ट्रॉली जोडायच्या खालच्या दांड्याचं, भोकही गोल न राहता अंड्यासारखं लांबलेलं असतं. अशा पिनीवर मोळी टाकल्यापासून (गाळप सुरू झाल्यापासून) पट्टा पडेपर्यंत (हंगाम संपेपर्यंत) ऊस ओढायचा नाही. पिन नवी घ्या, भोकाला लेथवाल्याकडून बुश बसवून घ्या. पिनीला खालून लॉक हवंच, तिथं तारेचा तुकडा चालत नाही. जोडीला जाड साखळी लावा. चढावर पिन निसटली तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव त्या साखळीवर असतो.

पंधरा वर्षांचा ट्रॅक्टरही भरलेली ट्रॉली ओढतो, त्याची मला काळजी नाही. काळजी आहे ती थांबण्याची. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. सगळा रेटा ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर येतो आणि वेग दुप्पट केला की ब्रेक लावल्यावर थांबायला जवळपास चौपट अंतर लागतं. म्हणून मोकळ्या मातीच्या रस्त्यावर रिकाम्या ट्रॅक्टरचे ब्रेकचे दोन्ही पेडल एकदम दाबा, मग खाली उतरून चाकांच्या खुणा बघा. एक लांब, एक आखूड दिसली तर ब्रेक सारखे करून घ्या. शेतात वळायला आपण पेडल सुटे करतो. डांबरीवर येण्याआधी दोन्ही पेडल जोडणारी मधली पट्टी आठवणीनं अडकवा. वेगात एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर गर्रकन वळतो आणि मागची ट्रॉली त्याला उलटवते.

उतारावर न्यूट्रल करू नका, माझी हात जोडून विनंती आहे. डिझेल वाचतं हा समजही खोटा आहे. गिअरमध्ये असताना रेसवरचा पाय काढला की पंप डिझेल जवळजवळ तोडतोच. ज्या गिअरात तो घाट चढला असता, त्याच गिअरात उतरा.

ट्रॉली नेहमी खालच्या ड्रॉबारलाच जोडा. वर जोडली की चढाला पुढची चाकं उचलतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. शेतात कमी ठेवलेली मागच्या टायरची हवा रस्त्यासाठी वाढवा, आकडा पुस्तिकेत बघा. ट्रॉलीचं चाक जॅकवर घेऊन हलवून बघा, खडखडलं तर बेअरिंग बदला, नाहीतर ग्रीस भरा. रेडिएटरच्या जाळीतलं पाचट काढा, फॅन बेल्टला चिरा असतील तर आत्ताच बदला. एअर क्लीनरच्या वाटीतलं तेल गाळानं घट्ट झालं असेल तर तेही.

राहिला उजेड. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर लाल रिफ्लेक्टर आणि बाजूंना पिवळी पट्टी लावा, पण बांधलेल्या उसाचं वाढं (शेंड्याचा पाला) त्यावर लोंबणार नाही एवढ्या खाली. ट्रॉली भरल्यावर अंधारात वीस पावलं मागं जाऊन बॅटरी मारून बघा. चमकलं नाही तर वाढं छाटा, मगच निघा.