काविळीवर पाला शोधताय? आधी या चुका टाळा

पावसाळा लागला की माझ्या दवाखान्यात पिवळ्या डोळ्यांची माणसं येतात आणि त्यांच्याआधी टेबलावर पिशवी येते. पिशवीत पाला. "हा भुईआवळाच आहे ना, बघा जरा." म्हणजे औषध ठरलेलं, कावीळ कुठल्या प्रकारची आहे ते सवडीने बघू. मी वैद्य आहे, वनस्पतीच वापरतो. पण हा उलटा क्रम बघून आता वीट आलाय.

नाकातून कावीळ "काढणे"

यावर मी सगळ्यात जास्त बोलणार, कारण सगळ्यात जास्त नुकसान यातच होतं.

देवडांगरी किंवा कडू दोडक्याचं फळ रात्री पाण्यात भिजवतात आणि सकाळी त्या पाण्याचे थेंब नाकात सोडतात. थोड्याच वेळात नाकातून पिवळं पाणी वाहायला लागतं. नातेवाईक खूश, थेंब सोडणारा खूश. हे फळ नाकाच्या आतल्या त्वचेला इतकं झोंबतं की ती सुजून पाझरते. कावीळ नसलेल्या धडधाकट माणसाच्या नाकात घातलं तरी पिवळंच पाणी येतं. डोळे पिवळे करणारं बिलिरुबिन रक्तात असतं आणि ते पित्तावाटे आतड्यात उतरतं. नाकाशी त्याचा संबंध नाही.

चाळिशीच्या एका बाईंना त्यांचा पुतण्या घेऊन आला होता. गावातल्या एका जाणत्याकडून थेंब घेऊन झाले होते. पुतण्याने मोबाइलवर फोटोच दाखवला: स्टीलची वाटी, अर्धी पिवळ्या पाण्याने भरलेली. "सगळी कावीळ नाकातनं भायर पडली बघा." बाईंच्या नाकपुडीशी रक्ताची खपली होती, वास येणं बंद झालं होतं आणि डोळे होते तसेच पिवळे. हातापायांवर खाजवल्याचे ओरखडे. मी विचारलं, शौचाचा रंग कसा आहे? त्या लाजल्या. सासूबाईंनी उत्तर दिलं, "पांढरी होतीया, पिठाच्या गोळ्यागत."

इथे पाल्याचा विषय संपतो. पांढरट मळ, गडद लघवी आणि अंगभर खाज म्हणजे पित्ताची वाट अडली आहे. हे सांगायला सोनोग्राफी यंत्राचा शोध लागायची गरज नव्हती. चरकसंहितेत पांडुरोगाच्या अध्यायात वाटलेल्या तिळासारखा मळ होणारी कावीळ वेगळी काढली आहे आणि तिथे मार्ग रुद्ध झालेला असतो हेही सांगितलं आहे. पिढ्यानपिढ्यांच्या ज्ञानाचा हवाला देणाऱ्यांनी निदान तेवढं तरी वाचावं. बाईंच्या पित्तनलिकेत खडा होता. दुर्बिणीने तो काढला आणि मग कावीळ उतरली. मधल्या काळात थंडी वाजून ताप भरला असता, म्हणजे अडलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाला असता, तर प्रकरण जिवावर बेतलं असतं.

मग इतरांना थेंबांनी गुण कसा येतो? दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए आणि ई ही कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्या काळात नाकात थेंब घाला, दंडावर डाग द्या, गळ्यात माळ घाला, श्रेय त्यालाच जातं. माळेचं तर गुपितही नाही: ओल्या काड्या वाळून बारीक होतात, गाठी सैल पडतात आणि माळ लांबते. निरोगी माणसाच्या गळ्यातही लांबेल, खुंटीवर टांगली तरी लांबेल.

दिसेल तो पाला भुईआवळा समजणे

भुईआवळ्याचं वेड का पसरलं, ते आधी सांगतो. 1988 मध्ये मद्रासच्या संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की फायलँथस अमारसची, म्हणजे भुईआवळ्याची पूड महिनाभर घेतलेल्या हिपॅटायटिस बी वाहकांपैकी (विषाणू अंगात मुरलेल्यांपैकी) 59 टक्क्यांच्या रक्तातून विषाणूचा पृष्ठभागीय प्रतिजन, म्हणजे विषाणू असल्याची खूण गेली. औषध नसलेली नुसती दिखाऊ पूड दिलेल्या गटात हे 4 टक्के होतं. लेखकांत हिपॅटायटिस बीचा शोध लावणारे नोबेल विजेते ब्लूमबर्गही होते. पुढे इतरांनी प्रयोग करून पाहिले, पण तसा निकाल पुन्हा मिळाला नाही. पहिली बातमी गावोगाव पोचली, दुसरी वाटेतच राहिली. म्हणून आजही लोक हिपॅटायटिस बीची चालू गोळी परस्पर बंद करून काढ्यावर येतात. हे करू नका. गोळी अचानक थांबवली की विषाणू उसळतो आणि यकृत निकामी होऊ शकतं.

आता ओळख. पानांच्या खाली, देठाच्या रांगेत मोहरीएवढी हिरवी फळं लटकलेली हवीत. खोड मोडून बघा. पांढरा चीक आला तर ती दुधी नावाच्या तणाच्या जातीची वनस्पती, टाकून द्या. फळ गुळगुळीत आणि छोट्या देठाचं असेल तर अमारस; देठाशिवाय चिकटलेलं आणि खरबरीत असेल तर तो भुईआवळ्याचा दुसरा भाऊ. मी अख्खं रोप मुळासकट उपटलेलं असेल तरच ओळख सांगतो. चुरगळलेली मूठभर पानं बघून सांगत नाही, कितीही आग्रह झाला तरी. आणि पाला रस्त्याकडेचा किंवा तणनाशक मारलेल्या बांधावरचा नको. ज्याच्यावर काल फवारा बसलाय तोच आज वाटून आजारी यकृताला पाजायचा, हा कुठला न्याय?

गुळवेल रोज, वर्षभर

कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याचे रुग्ण नोंदवले, पुढच्या वर्षी देशभरातल्या 13 केंद्रांतून असे 43 रुग्ण मांडले गेले. आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं की वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही. दोन्हीकडचं ऐकून मी दोन सवयी लावून घेतल्या. खोडावर चामखिळीसारखे ठसठशीत उंचवटे असतील तर ती वेल घेत नाही, ती टिनोस्पोरा क्रिस्पा, म्हणजे गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीच वेल असू शकते. आणि ज्याला थायरॉइडचा किंवा दुसरा कुठला स्वप्रतिकारक (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याचा) आजार आहे, त्याला गुळवेल देतच नाही. "रोगप्रतिकारशक्ती वाढवायला" रोज पेलाभर काढा पिणाऱ्यांचं मला कोडंच आहे. जे औषध काहीतरी करतं, ते नको तेही करू शकतं.

बाकीच्या, थोडक्यात

दारूने यकृत खराब झालंय आणि हातात कुमारी आसवाची, म्हणजे कोरफडीच्या आंबवलेल्या औषधाची बाटली. आसव-अरिष्टांत आंबवताना तयार झालेला मद्यार्क असतो, लेबलवर छापलेलाही असतो. वाचा की.

यकृतासाठी घेतली जाणारी आरोग्यवर्धिनी "झाडपाल्याची गोळी" नाही. कुटकी ही वनस्पती तिच्यात निम्मी, हे खरं. पण पारा-गंधकाची कज्जली, ताम्र आणि लोह भस्मही तिच्यात आहेत. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घ्यायची वस्तू नव्हे.

आमटीतली हळद बिनधास्त खा. मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल वेगळ्या; त्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत.

कोकणातलं ओलं किराईत म्हणजे काळमेघ, हिमालयातला चिरायता नव्हे. दुकानात नुसतं "किराईत द्या" म्हटलं तर काय हाती पडेल सांगता येत नाही.

पिवळ्या फुलाचा माका औषधी माका नाही. आपल्याला हवा तो पांढऱ्या फुलाचा, खोड चुरगळलं की रस काळा पडणारा.

काविळीत रस्त्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस पिऊ नका. ज्या पाण्याने कावीळ झाली, तेच पुन्हा पोटात जाईल.

वनस्पतींचं प्रमाण मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की लोक तेवढ्याच ओळीचा फोटो काढतात आणि बाकीचं सोडून देतात. माझ्याकडे कावीळ आली की आधी यकृताच्या तपासण्या, त्यात रक्त गोठण्याचा आयएनआर हवाच, आणि सोनोग्राफी. औषधाचं नंतर. दर आठवड्याला पुन्हा रक्त तपासायचं. ज्यांना इतकी घाई आहे की तपासणीचा दिवस परवडत नाही, त्यांना मी काढाही देत नाही.

रुग्ण असंबद्ध बोलायला लागला, दिवसाही गुंगीत राहिला, हिरड्यांतून रक्त आलं, किंवा गरोदर बाईला कावीळ झाली (हिपॅटायटिस ई शेवटच्या तिमाहीत जीवघेणा ठरतो), तर मला फोन करण्यातही वेळ घालवू नका. थेट मोठ्या रुग्णालयात जा. आधी जो काही पाला, पुडी, गोळी घेतली असेल ती बरोबर न्या आणि तिथल्या डॉक्टरांपुढे ठेवा. रागावतील म्हणून लपवू नका.