पावसाळी ट्रेकला ॲक्शन कॅमेरा नेताय? या चुका टाळा

पावसाळ्यात सह्याद्रीत छातीवर कॅमेरा लावून फिरणाऱ्यांची नेहमीची तक्रार म्हणजे व्हिडिओ धुरकट आला. कॅमेरा वॉटरप्रूफ, मग पाणी शिरलं कुठून? बहुतेक वेळा ते शिरलेलं नसतंच. पायथ्याशी रिमझिम पावसात कॅमेऱ्याची केस (बाहेरची पाणीरोधक डबी) बंद केली की दमट हवा आत कोंडते. चालू कॅमेरा तापतो, पावसाने केसची काच गार पडते आणि आतल्या बाजूला वाफ धरते. त्यामुळे केस आदल्या रात्री कोरड्या खोलीतच बंद करा, आत ओल शोषणारी अँटी-फॉग पट्टी ठेवा.

स्टॅबिलायझेशन, म्हणजे हादरे कमी करणारी सोय, चालू असूनही चित्र थरथरतं? कॅमेऱ्यातला जायरोस्कोप हा सेन्सर हिसका मोजतो आणि कॅमेरा प्रत्येक फ्रेम तेवढीच उलट सरकवतो. त्यासाठीच चित्राच्या कडा कापल्या जातात. पण दाट झाडीत, धुक्यात शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि फ्रेम मुळातच फरफटलेली येते. ती सरकवून काय होणार? शटर १/१२० सेकंदावर ठेवा, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढू द्या. दाणेदार चित्र बघवतं, फरफटलेलं नाही.

मेमरी कार्ड व्ही३० दर्जाचं (सेकंदाला किमान ३० एमबी साठवणारं) घ्या आणि कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

मला खरी काळजी वाटते ती वाइड अँगलची. या भिंगातून जवळचं लांब दिसतं आणि चढ सौम्य. नाशिकजवळच्या हरिहर किल्ल्याच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत. छातीवरच्या कॅमेऱ्यात तो उभेपणा पुरता उतरत नाही. व्हिडिओ बघून कुणी चपला घालून, लहान मुलांना घेऊन तिथे येऊ शकतं. म्हणून बाजूने, माणूस चढताना दिसेल असा एक तरी शॉट घ्या आणि दगड ओला आहे, उतरताना तोंड कातळाकडे ठेवावं लागतं, हे व्हिडिओत स्पष्ट सांगा.

गोप्रोचा २००४ मधला पहिला कॅमेरा मनगटावर बांधायचा होता, ३५ मिमी फिल्मचा. प्रत्येक फोटोला बटण दाबावं लागे. आताचा कॅमेरा चालूच राहतो आणि घालणारा ते विसरतो. पायथ्याच्या गावात शिरताना तो बंद करा. विहिरीवरच्या बायकांना, अंगणातल्या आजींना तो बारीक लाल दिवा कशाचा हे कळेलच असं नाही. चित्रण हवंच असेल तर आधी विचारा, ‘‘मावशी, व्हिडिओत घेऊ का?’’ नको म्हणाल्या आणि आधीच काही टिपलं गेलं असेल, तर त्यांच्यासमोरच ते डिलीट करा.