गोव्यातल्या चोडण बेटावरच्या खारफुटीत चालायला जाताना

घड्याळाआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी नदी ओलांडली की धक्क्याजवळच सलीम अली पक्षी अभयारण्य, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर. मी ओहोटी लागल्यावरच शिरते, कारण तेव्हा चिखल उघडा पडतो. (भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, कालच्या वेळेवर जाऊ नका.) पायवाट सोडू नका, बाजूला तिवराची श्वासमुळं खिळ्यांसारखी उभी असतात. मग एका जागी पाच मिनिटं अगदी गप्प थांबा. निवट्या नावाचे मासे चिखलावर उड्या मारू लागतात, एकच नांगी मोठी असलेले खेकडे बिळाबाहेर येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी स्थलांतरित पक्षी येतात, तेव्हा दुर्बीण हवीच. गुळगुळीत तळव्याची चप्पल नको. शेवाळावरची माझी आपटी मला अजून आठवते. आणि ओडोमॉस विसरलात, तर पक्षी राहतील बाजूला!