पिकअपचं पावर स्टेअरिंग घूं घूं करतंय? पंप बदलायच्या आधी हे बघा

कांद्याच्या सीझनला मार्केट यार्डात गाडी रिव्हर्स लावताना फुल कट मारला (स्टेअरिंग टोकापर्यंत फिरवलं) की बॉनेटमधनं घूंऽऽ आवाज येतो, आणि मिस्त्री नुसतं ऐकून सांगतो, "पंप गेला." माझ्या गाडीचा पंप असाच बदलला, पैसे गेले, आठवड्यात आवाज परत चालू. दोष पंपात नव्हताच, स्टेअरिंग ऑईलच्या टाकीतनं पंपाकडं जाणाऱ्या पाईपची क्लिप ढिली झालेली आणि तिथनं सिस्टीम हवा ओढत होती. कुणाचा तरी पंप वाचावा म्हणून हे सगळं लिहितोय. हे ऑईलवर चालणाऱ्या पावर स्टेअरिंगसाठी आहे, इलेक्ट्रिक स्टेअरिंग असंल तर त्यात ना टाकी ना ऑईल, तिकडं हे लागू नाही.

आधी आवाज ओळखा, निम्मं काम तिथंच होतंय. स्टेअरिंग फिरवताना घूं घूं आणि रेस दिली की वाढतंय, म्हणजे ऑईल कमी किंवा ऑईलमध्ये हवा. सकाळी पहिल्यांदा चालू करताना नाहीतर कट मारताना कुईंऽ अशी किंचाळी, म्हणजे बेल्ट. खड्ड्यात नाहीतर वळताना खट खट, मग पंपाचा काही संबंध नाही, टाय रॉड, बॉल जॉइंट किंवा स्टेअरिंगच्या रॉडचा क्रॉस (रॉडमधला फिरता सांधा) बघायचा. स्टेअरिंग सरळ असतानासुद्धा कर्र कर्र घासल्यासारखा आवाज इंजिनच्या स्पीडबरोबर वाढत असंल तर पंपाच्या बेअरिंगचा संशय घ्या. आणि फुल कटला शेवटपर्यंत दाबून धरल्यावर थोडा सूंऽ आवाज येणारच, तिथं जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, तो दोष नाही, पण तसं ४-५ सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, ऑईल तापून पंपाचं नुकसान होतंय.

आता टाकी. गाडी सपाट जागेवर लावा, इंजिन बंद, झाकणाभोवतीची धूळ फडक्यानं पुसा आणि मगच उघडा. आपल्याकडं धूळ लई, ती आत पडली तर आतले सील खराब व्हायला वेळ लागत नाही. थंड आणि गरम अशा दोन खुणा असतील तर त्यातली योग्य खूण बघून पातळी ठरवा. ऑईल काळं आणि जळका वास येत असंल तर बदलायचंच. फेस दिसतोय नाहीतर दुधासारखं झालंय, तर आत हवा किंवा पाणी शिरलंय. कुठलं ऑईल टाकायचं ते झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये असतं, बऱ्याच गाड्यांत लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल) चालतं पण सगळ्यात नाही. ब्रेक ऑईल चुकूनही टाकू नका, रबरी सील फुगून कामातनं जातात.

ऑईल कमी झालंय म्हणजे कुठंतरी गळतंय, नुसतं भरून गप्प बसू नका. हायप्रेशर पाईपचे जॉइंट, पंपाची शाफ्ट सील आणि स्टेअरिंगच्या गिअरबॉक्सची खालची बाजू बघा. इंजिन चालू असताना लीक बोटानं चाचपू नका, प्रेशरचं ऑईल कातडीतनं आत घुसतंय, पुठ्ठा धरून बघा.

पण माझ्यासारखी केस असंल तर बाहेर एक थेंबही दिसत नाही. टाकी ते पंप हा सक्शनचा पाईप असतो, तिथं दाब नसतो, ओढ असते. त्यामुळं क्लिप ढिली किंवा रबर चिरलेलं असलं की ऑईल बाहेर न येता हवा आत जाते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४३-४४ ला जातो, त्यात इंजिनची गरमी, रबर कडक होऊन चिरा पडतात. पाईप वाकवून बघा, चिरा दिसल्या की बदला, क्लिपसकट. टाकीत जाळी असते तीपण बघा, चोंदली असंल तर पंपाला ऑईल कमी पडतं आणि तसाच घूं आवाज येतो.

बेल्टला इंजिन बंद करून मधोमध अंगठ्यानं दाबा, साध्या बेल्टला साधारण १ सेंमी दबला तर ठीक. चकाकी आली, चिरा पडल्या किंवा ऑईल लागलं असंल तर बदला.

दुरुस्ती झाल्यावर ऑईलमधली एअर (हवा) काढायलाच लागते, आणि इथंच घाई होते. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना ओंडके लावा, पुढची चाकं जॅकवर उचला आणि खाली मजबूत स्टँड द्या, नुसत्या जॅकवर भरवसा नको. टाकी भरा, झाकण उघडं, इंजिन बंदच. आता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टेअरिंग सावकाश फिरवा, १५-२० वेळा, एकजण टाकीवर नजर ठेवून पातळी उतरंल तसं ऑईल भरत राहील. बुडबुडे थांबले की इंजिन आयडलला चालू करा, परत सावकाश फिरवा. फेस आला तर लगेच बंद करा आणि अर्धा तास तसंच ठेवा, बुडबुडे वर येऊन जातात, मग परत करा.

एवढं सगळं करून आवाज राहिलाच, तर पंप बदला, पण जुनं ऑईल पूर्ण काढून नवं भरा, नाहीतर घासलेल्या लोखंडाचा कीस नव्या पंपात जातो. आणि कामानंतर दोन दिवस रिकामी गाडी चालवून रोज सकाळी पातळी बघा, उतरली नाही तरच माल भरा.