बाबांचं जुनं .३२ पिस्तूल मुंबईच्या पावसाळ्यात कसं सांभाळायचं

ज्यांच्या घरी वारसाने आलेलं लायसन्सचं .३२ (हे गोळीचं माप) पिस्तूल आहे, एफएन १९१०, कोल्ट १९०३, वेब्ली स्कॉट असलं काही, त्यांच्यासाठी लिहितोय. ही पिस्तुलं शंभर वर्षं टिकली कारण फ्रेम पण स्टीलची, स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) पण स्टीलची आणि आत भाग मोजके, .३२ चा जोर कमी त्यामुळे नळी लॉक करायची गरजच पडत नाही, स्लाइडचं वजन आणि एक स्प्रिंग एवढ्यावर सगळं चालतं. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात आयात बंद झाली, म्हणजे हातात आहे ते जपायचं.

फक्त गंजापुढे स्टीलचं काही चालत नाही. आम्ही दादरला राहतो, चौपाटी चालत दहा मिनिटं, जुलैमध्ये कपाटातले बूट पण पांढरे पडतात.

आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढा, मग स्लाइड मागे ओढून चेंबर (नळीच्या मागची गोळी बसायची जागा) डोळ्यांनी बघा आणि करंगळीने चाचपा. क्रम उलटा केलात, आधी स्लाइड आणि मग मॅगझिन, तर वरचा राउंड, म्हणजे गोळी, चेंबरमध्ये जाऊन बसतो आणि आपल्याला वाटतं पिस्तूल रिकामं आहे, अपघात असेच होतात. एफएन १९१० मॉडेलमध्ये मॅगझिन नसेल तर ट्रिगर चालत नाही खरं, पण इतक्या जुन्या सेफ्टीवर विसंबू नका. गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून या.

आता उघडायचं. एफएन १९१० मॉडेलमध्ये स्प्रिंग नळीभोवती असते आणि पुढचं गोल टोपण दाबून फिरवलं की ती सुटते, जोरात उडते, त्यामुळे अंगठा आणि कापड टोपणावर घट्ट धरा, तोंड समोर आणू नका. नळी पुसून हलकं गन ऑइल, बाकी सगळीकडे तेलाचा फक्त पातळ हात. शेवटी उघडं बोट लावू नका, घामातलं मीठ ब्लूइंग (स्टीलवरचा काळानिळा थर) खातं.

ग्रिपच्या पट्ट्या काढून आत जरूर बघा, स्क्रूच्या खाचेत बरोबर बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्या. मी हे वर्षानुवर्षं केलं नव्हतं आणि बाबांनी चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवलेलं तसंच ठेवलं होतं, चामडं ओल धरून ठेवतं, ग्रिपखाली गंजाचे खड्डे पडले, ते आता भरून येणार नाहीत, अजून वाईट वाटतं. होल्स्टर वेगळं, पिस्तूल तेलाच्या सुती कापडात, कुलूपबंद डब्यात सिलिका जेल, आणि पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी बघायचं.

अडकतंय म्हणून पिस्तुलाला लगेच नावं ठेवू नका, बहुतेक वेळा मॅगझिनची स्प्रिंग थकलेली असते नाहीतर वरच्या कडा वाकलेल्या असतात. .३२ च्या गोळीला मागे बारीकशी कड असते, वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेच्या मागे गेली की दोन्ही अडकतात, म्हणून भरताना प्रत्येक वरची गोळी किंचित पुढे ठेवा. कानस घरी लावू नका, लायसन्सवाल्या गनस्मिथकडे न्या.

आणि निवडणुकीत पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा करायचा आदेश आला तर देताना नेहमीपेक्षा जास्त तेल लावून द्या, पावतीवरचा नंबर पिस्तुलावरच्या नंबराशी तिथेच ताडून घ्या, परत मिळालं की त्याच संध्याकाळी उघडा.