ए.ए.ची मीटिंग कशी शोधायची आणि पहिल्या दिवशी आत कसं जायचं

ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू इच्छिणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेली संस्था. पण रोज पिणाऱ्याने तिच्या मीटिंगच्याही आधी डॉक्टरांना भेटावं. बरीच वर्षं भरपूर पिणाऱ्या माणसाने दारू एकदम बंद केली, तर सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, भान हरपतं, आणि तेव्हा जिवावर बेतू शकतं. हा मनाच्या कमकुवतपणाचा प्रश्न नाही. दारूची सवय झालेल्या मेंदूची ती प्रतिक्रिया आहे आणि तिच्यावर औषध आहे. मीटिंग औषधाची जागा घेत नाही.

आता शोधाचं. ए.ए. १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली आणि १९५७ मध्ये मुंबईत आली. संस्थेच्या भारतातल्या वेबसाइटवर शहरानुसार गट आणि हेल्पलाइनचे नंबर मिळतात. फोन शक्यतो सभासदच उचलतात, म्हणजे ज्यांनी स्वतः दारू सोडली आहे असे लोक. नेट जमत नसेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रातही विचारता येतं.

यादीवर मात्र डोळे झाकून विसंबू नका. अनेक गट शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या हॉलमध्ये भरतात. परीक्षा, सुट्टी, सण आला की जागा किंवा वेळ बदलते आणि यादी जुनीच राहते. धीर गोळा करून गेलेला माणूस बंद दार बघून परत येतो, आणि तो परत फिरतो तो बऱ्याचदा गुत्त्याच्या दिशेने. म्हणून त्याच दिवशी दुपारी फोन करा. "मी नवीन आहे," एवढं सांगा आणि विचारा: आज मीटिंग नक्की आहे ना? किती वाजता? कोणत्या दाराने, कितव्या मजल्यावर? भाषा कोणती, मराठी, हिंदी की इंग्रजी? ओपन आहे की क्लोज्ड? ओपन मीटिंगला घरचं माणूस सोबत चालतं. क्लोज्ड फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते. शेवटचा प्रश्न सगळ्यांत उपयोगाचा: "दारापाशी कुणी भेटेल का?" बहुतेक वेळा कुणीतरी आनंदाने थांबतं.

वेळ निवडताना तुमची पिण्याची वेळ बघा. संध्याकाळी सात वाजता पाय आपोआप वळत असतील, तर सातचीच मीटिंग धरा. ओळखीचं कुणी भेटेल या भीतीने लोक तीन उपनगरं ओलांडून जातात आणि तिसऱ्या आठवड्यात पाऊस किंवा लोकलचं निमित्त काढून थांबतात. जवळची बरी. तिथे ओळखीचा भेटलाच, तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो.

दहा मिनिटं आधी पोहोचा. मीटिंग साधारण तास-दीड तास चालते. सुरुवातीला थोडं वाचन, प्रार्थना, मग एकेकाचं शेअरिंग, म्हणजे स्वतःचा अनुभव सांगणं. आडनाव सांगावं लागत नाही, नोंदवही नसते, फी नसते. मध्येच पिशवी फिरते ती भाड्याची आणि चहाची. नव्या माणसाने त्यात काही टाकलं नाही तरी चालतं. बोलायची पाळी आली तर "आज फक्त ऐकतो" म्हणा, कुणी आग्रह करत नाही. देवाचा उल्लेख येईल. तो "आम्हाला समजला तसा" देव आहे. नास्तिक माणसंही या खोल्यांमध्ये वर्षानुवर्षं दारूविना राहिली आहेत. त्या दिवशी प्यायला असलात तरी जा, फक्त ऐकत बसा. सभासदत्वाला एकच अट आहे, दारू सोडण्याची इच्छा.

संपल्यावर पळून जाऊ नका. चहाच्या वेळी दोन-तीन फोन नंबर घ्या, पुरुषांनी पुरुषांचे, बायकांनी बायकांचे. रात्री अकराला तल्लफ आली तर पहिला घोट घेण्याआधी तेच नंबर लावायचे आहेत. स्पॉन्सर, म्हणजे वाटचालीत सोबत करणारा जुना सभासद, पहिल्याच दिवशी ठरवू नये. चार-सहा आठवडे ऐका आणि ज्याचं जगणं शांत झालेलं दिसतं, त्याला विचारा.

एका मीटिंगवरून मत बनवू नका. एखाद्या गटात सगळे वयाने मोठे असतात, एखाद्यात बाई एकटीच पडते. किमान सहा मीटिंगा, त्याही दोन-तीन वेगळ्या गटांत करून बघा. बऱ्याच गटांत नव्या माणसाला नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा करायला सांगतात. गावात आठवड्याला एकच मीटिंग असेल तर बाकीच्या ऑनलाइन भरून काढता येतात.

घरच्यांसाठी अल-अनॉन हा वेगळा गट आहे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी 'सहचरी' गट चालतो. पिणारा यायला तयार नसला तरी घरच्यांनी आपली मीटिंग सुरू करावी. चहात गुपचूप दारू सोडवायचं औषध मिसळायचा प्रयोग कुणी सुचवला तर तो करू नका. दारूवर ते पोटात गेलं तर जीव धोक्यात येऊ शकतो.

मधे स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायलात, तर दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगला जा. लाजेने घेतलेली आठवड्याची सुट्टी महिन्यांवर जाते. आत जाऊन "काल घेतली" एवढं सांगायचं आणि खुर्चीवर बसायचं.